पळसाचा म्हणून सांगितलेला रंग

बारावीनंतर मी फॅशन डिझाइनला जाणार म्हटल्यावर बाबांनी आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. ते सरकारी कचेरीत कारकून. मुलीने बी.कॉम. करावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, एवढं सरळ त्यांचं गणित. मी पुण्याच्या कॉलेजचं नाव काढलं तेव्हा ते आईला म्हणाले, "पुण्याले जाऊन काय वेगळं शिकवणार आहेत? पळसाले पानं तीनच." शेवटी नागपुरातच, सदरमधल्या एका लहानशा कॉलेजात माझं नाव घातलं. नातेवाइकांनी विचारलं की बाबा "डिग्री करून राहिली" एवढंच सांगत. कशाची, ते गिळून टाकत. मला त्याचा राग यायचा, आणि राग आला की मी ताटावरून उठायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबा रिटायर झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली. दुसऱ्या महिन्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. "दोनच झाल्या, तिसरी होऊ दे," असं ते बाहेरच्या खोलीतून सांगत आणि आई आत भांडी आपटत असे. आता यांना काहीतरी काम बघून दे, असं ती मला रोज म्हणायची.

काम मिळालं ते माझ्यामुळेच. कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या विषयात आम्हाला प्रत्येकीला एक नैसर्गिक रंग घ्यायचा होता. त्यात एक सुती ओढणी रंगवायची, तिच्यावर लाकडी ठशांनी छपाई करायची आणि केलेली सगळी कृती वहीत लिहायची. शहाण्या मुलींनी हळद घेतली, कांद्याची सालं घेतली. मी भाव खायला पळस घेतला. आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटच्या मागे अजून शेतं होती आणि त्यांच्या धुऱ्यावर, बांधाबांधाला, पळस फुलले होते. पण सकाळी उठून फुलं आणायला मला वेळ कुठे होता? मी जेवताना सहज बोलले आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता बाबा आकडी आणि पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

मग रोजचंच झालं. आठच्या सुमारास ते परत येत. वर्तमानपत्र पसरून, आई मेथी निवडते तसे फुलांचे देठ काढत बसत. मी शेजारी बसले की प्रश्न सुरू.

"तुरटी काहून टाकावं लागते वं?"

"रंग कापडाला धरून राहावा म्हणून. नाही तर धुतला की गेला."

"म्हणजे हेडक्लार्क. तो नसला तर साहेबाचा हुकूम टेबलावरच राहते."

मी हसले. बाबांच्या बोलण्यावर मी किती वर्षांनी हसले होते कोण जाणे. ते पंधरा दिवस आमच्या घरातले चांगले दिवस होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्याचं मोल त्याशिवाय कळणार नाही.

आईने एक जुना गंज, ते मोठं पातेलं, रंगासाठी दिला, "हा आता माह्या चुलीवर परत नको" असं बजावून. पळसाची गंमत अशी की उकळलेलं पाणी दिसतं झकास केशरी. बघून वाटतं, झालं काम. पण ओढणी बाहेर काढून वाळवली की फिकट पिवळी, आणि एकदा धुतली की आजाऱ्याच्या डोळ्यासारखी. सुती कापडावर पळस असाच चढतो. आधी कापडाची खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, मग तुरटीत बुडवून पुन्हा वाळवायचं, आणि मग कुठे रंगाला हात घालायचा. इतकं करूनही जो येतो तो शांत पिवळा. मॅडमनी हे वर्गात सांगितलं होतं. पण मला शांत पिवळा नको होता. मला झाडावर दिसतो तसा केशरी हवा होता. शिवाय जमा करायला चार दिवस उरले होते आणि छपाई अजून व्हायची होती.

मी इतवारीच्या बाजारात जाऊन तयार केशरी रंगाची पुडी आणली. गरम पाणी, मीठ, पुडी. अर्ध्या तासात ओढणी अशी झाली की आई म्हणाली, "अगोबाई!" पुडी तिने पाहिली नव्हती आणि बाबा तेव्हा बाहेर गेले होते. आल्यावर ते तारेवरच्या ओढणीसमोर उभे राहिले, तिला बोटाने शिवले आणि म्हणाले, "आला नं शेवटी!"

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "हो."

वहीत मी लिहिलं, पळस इतका, तुरटी इतकी, उकळण्याचा वेळ इतका. शेजारी त्या ओढणीचा तुकडा टाचला. पुडीचं नाव कुठेही नाही. मॅडमनी भुवया उंचावल्या आणि "इतका गडद कसा आला?" असं विचारलंही. मी फुलं ताजी होती म्हणून सांगितलं. मार्क चांगले पडले. वर्षाअखेर कॉलेजात प्रदर्शन लागलं त्यात ती ओढणी मधोमध होती.

प्रदर्शनाला बाबा निरोप समारंभाचा सफारी घालून आले. मी दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर होते. तिथून मला त्यांचा आवाज ऐकू आला. एका अनोळखी गृहस्थाला ते सांगत होते, "माही मुलगी आहे. फॅशन डिझाइन करून राहिली. अन् याचे फुलं मी आणले, बरं का." कशाची डिग्री, हे त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं होतं. मला लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त ते ऐकून गोड वाटलं, आणि खरं बोलले तर हे परत जाईल याची भीती वाटली. त्या ओढणीवरच मॅडमनी माझं नाव एका बुटिकमध्ये सुचवलं आणि मी शिकता शिकता तिथे काम करायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ दिवसेंदिवस जड होत चालली होती.

पुढच्या वर्षी पळस फुलल्यावर मी काही बोलले नाही. बाबाच बोलले. "यंदा मी करतो. आईची पांढरी साडी आहे, तिले रंगवून देतो. तुही वही दे फक्त."

मी वही दिली. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

बाबांनी साडीला हात लावण्याआधी जुन्या चादरीचे तुकडे घेतले. चष्मा लावून, वही समोर ठेवून, किचनच्या काट्यावर फुलं तोलून, घड्याळ पाहून त्यांनी सगळं केलं. तुकडा पिवळट निघाला. त्यांनी माझ्या वहीतल्या तुकड्याशेजारी तो धरून पाहिला.

"काय चुकलं असेल वं?"

"बोअरचं पाणी जड आहे बाबा," मी म्हटलं. तोंडाला येईल ते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्यायच्या पाण्याची कॅन विकत आणली. पुन्हा पिवळट. मग मी म्हटलं, तुरटी कमी पडली असेल. त्यांनी तुरटी वाढवली. तरी पिवळट. दोरीवर तीन तुकडे एका ओळीत वाळत होते आणि येता-जाता ते त्यांच्याकडे पाहत. खाई त्याला खवखवे, मी त्या दोरीखालून वाकून जायचे आणि वर बघायचे नाही. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ते आईला म्हणाले, "माह्या हातालेच गुण नाही. जन्मभर कागदच काळे केले, आता काय येणार." आणि वही मला परत दिली.

ती वही हातात घेतली तेव्हाच मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी दुसरंच केलं. "एकदा शेवटचं करून पाहा," असा त्यांना आग्रह केला. या वेळी साडीच घ्या म्हटलं. सकाळी गंजात फुलं उकळत ठेवून ते आंघोळीला गेले आणि मी पुडीतला रंग त्यात ओतून, ढवळून, पुडी पर्समध्ये लपवली. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार करते आहे. खरं तर मी माझीच चोरी दुसऱ्यांदा झाकत होते आणि या वेळी त्यांच्याच हातांनी.

साडी केशरी झाली. बाबांनी ती दोन्ही हातांवर पेलून अंगणात आणली आणि आईला हाका मारायला लागले. "पाह्यलं का? अवं, ये नं इकडे!" आईने ती नेसली, शेजारणींना दाखवली. बाबांनी फोटो काढून कोणाकोणाला पाठवला. प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी मॅडमचा नंबर घेऊन ठेवला होता. त्यांनाही पाठवला.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. नव्या मुलींना काकांनी हे करून दाखवावं, अशी त्यांची इच्छा होती. वर्गासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबा फोनवर "हो मॅडम, नक्की मॅडम" म्हणत उभेच राहिले. मग चार दिवस ते आरशासमोर बोलायची तयारी करत होते. "तर मुलींनो, पयले फुलं निवडून घ्यावं." आई तोंडावर पदर धरून हसायची. वर्गासमोर गंज उकळेल, तेव्हा मी काय, पर्समधून पुडी काढणार होते? नाही काढली तर चाळीस मुलींसमोर पुन्हा तो पिवळट तुकडा निघणार, आणि माझे बाबा चष्मा वर करून म्हणणार की माझंच काहीतरी चुकलं.

त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फुलांच्या पिशवीवर ओलं फडकं टाकत होते. मी दारातच म्हटलं, "बाबा, माझ्या ओढणीत पुडीचा रंग होता."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"अन् आईची साडी?"

"त्यातही मीच टाकला. तुम्ही आंघोळीला गेले होते तेव्हा."

ते खाटेवर बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता तरी आलं असतं. त्यांनी फुलांच्या पिशवीवरचं फडकं काढून बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पयले तीन डाव मी केलं, ते बरोबरच होतं?"

"हो बाबा."

"पाणी, तुरटी, सगळं?"

"सगळं बरोबर होतं."

त्यांनी मान हलवली. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. मी म्हटलं, "मॅडमना फोन करून सांगते, तुमची तब्येत बरी नाही म्हणून."

"आता अजून एक खोटं कायले?" ते उठले. "चल. शब्द दिला आहे त्याईले."

हुडकेश्वरपासून सदरपर्यंत ते माझ्या गाडीवर मागे पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सिग्नलला मी आरशात पाहिलं तर ते रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते.

वर्गात त्यांनी सगळं नीट करून दाखवलं. देठ कसे काढायचे, उकळी कधी येते, तुरटीचं काम काय. हेडक्लार्कचा विनोद सांगितला आणि मुली हसल्या. मी शेवटच्या बाकावर बसले होते. घरून हिरडा-तुरटी देऊन आणलेला तुकडा गंजातून बाहेर आला तो पिवळा. बाबांनी तो पिळून, झटकून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणाले, "पळसाचा रंग हा असा येते. एवढाच येते."

मॅडम पुढे आल्या. "पण काका, साडीचा रंग तर केवढा गडद होता. आणि हिच्या ओढणीचाही."

सगळ्या मुलींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पर्सची चेन बघत राहिले. मला माहीत होतं की आता उठायचं असतं. पाय होते, आवाज होता, वाक्यही तयार होतं, सकाळीच म्हणून झालं होतं.

"त्याच्यात पुडी होती मॅडम," बाबा म्हणाले. "दोन्ही डाव मीच टाकली. रंग येऊन नाही राहिला म्हणून. पोरीले मालूम नव्हतं."

तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कोणाच्या खोट्या हजेरीवर सही केली नव्हती. त्यावरून साहेबांशी भांडण झालं तरी केली नव्हती. आणि सकाळीच मला म्हणाले होते, अजून एक खोटं कायले.

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हसून मुलींना म्हणाल्या, "बघा, चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं. काकांसाठी टाळ्या."

टाळ्या वाजल्या. बाबा तो पिवळा तुकडा हातात धरून अवघडून उभे होते. मीही टाळ्या वाजवल्या.