अण्णांनी आणलेला बिनसिमचा टॅब

भुताखेतांच्या बाबतीत मी आमच्या घरातली सगळ्यात उद्धट. रस्त्यात कुणी उतारा टाकलेला दिसला की मैत्रिणी वळसा घालून जातात, मी मुद्दाम त्यावरून स्कूटी घालते. आई म्हणायची, "एक दिवस फेडशील गं तू." त्यामुळे हे इथं लिहायला मला आठ महिने लागले... आणि कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. घाबरण्यासारखं यात काही नाहीच. वाईट वाटण्यासारखं आहे.

मी माधवनगरची, म्हणजे सांगलीच्या अगदी शेजारची. वय चोवीस. कराडच्या धावपट्टीवर छोटं विमान चालवायला शिकते. दोन सीटचं, एका पंख्याचं, आत बसलं की रिक्षा बरी असं वाटावं इतकं अरुंद. अण्णा, म्हणजे माझे वडील, माधवनगरात मोटर रिवाइंडिंग करायचे. विहिरीवरची जळालेली मोटर आणून टाका, अण्णा आतली तांब्याची तार नव्यानं भरून देणार. त्यांनी भरलेली मोटर परत आली असं कधी झालं नाही, आणि हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

आता आमच्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला टॅब हवा असतो. मांडीवर पट्ट्यानं बांधायचा, त्यात नकाशाचं अ‍ॅप, आणि नकाशावर निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे तुम्ही. आमचे सर कोरेगावचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांना या प्रकाराचा मनापासून राग. "कागदी नकाशाची बॅटरी कवा संपल्याली बघितलीस का गं?" असं म्हणायचे. पण सगळ्यांकडे आहे म्हटल्यावर मलाही पाहिजेच होता. दोन आठवडे मी त्याच नादात. दहा इंची घ्यावा तर समोरच्या स्टिअरिंगला अडतो, सात इंचीत नकाशा नीट दिसत नाही. एका अ‍ॅपमध्ये डोंगर छान रंगवून दाखवतात पण ते जड, दुसरं दिसायला दळभद्री पण इंटरनेट नसताना चालतं. दुसरं ठरवलं. मग अण्णांना मोबाईलवर यादी पाठवली... आठ इंची, उन्हात दिसणारा, मेमरी भरपूर, वजनाला हलका. सांगलीत जाऊन घ्या.

रविवारी अण्णा एसटीनं कराडला आले, एका हातात आईनं दिलेला डबा, दुसऱ्या हातात टॅबचं खोकं. खोकं आधीच उघडलेलं, कारण टॅबच्या पाठीला कुंकू लावून आणलेलं. मी उलटसुलट करून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. सिमची जागाच नव्हती! जाणकारांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. या टॅबच्या बिनसिमच्या मॉडेलमध्ये जीपीएस बसवतच नाहीत. वायफाय असेल तिथं तो अंदाजानं जागा दाखवतो, आकाशात त्याला काहीही कळत नाही. म्हणजे विमानात नेला काय आणि फळीवर ठेवला काय, सारखंच.

"अण्णा, हा बिनसिमचा काय आणलात?"

"आगं, दुकानदार सिमवालाच दावत हुता," अण्णा खुशीत म्हणाले. "मीच नगं म्हटलं. वर उडताना रेंज कुठनं यायची? उगं नसती भानगड कशाला."

मोटरवाल्या माणसाचा हिशेब होता तो, आणि तसा बिनचूक होता. पण मी कॅन्टीनमध्ये, सोबतच्या सगळ्या मुलांसमोर, नको ते बोलले. "जे कळत नाही त्यात डोकं कशाला घालता? ही काय विहिरीवरची मोटर आहे का?"

अण्णा हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. "बदलून आणतो की बाय, त्यात काय एवढं," म्हणाले. पण टॅब तिथंच राहिला, मीच म्हटलं राहू दे, पुढच्या रविवारी न्या. आम्ही जैन, आणि अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचं कटाक्षानं पाळायचे, म्हणून तीनच्या गाडीनं निघाले.

पुढचा रविवार आलाच नाही. बुधवारी दुपारी दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या अण्णा गेले. हार्ट अटॅक. हातात तारेचं रीळ तसंच होतं म्हणे.

सगळं उरकून मी कराडला परतले. सहज म्हणून मोबाईलवर आमचं जुनं बोलणं वाचायला घेतलं आणि ती यादी समोर आली. चार ओळी. सिमवालाच घ्या, असं त्यात कुठंही नव्हतं... सरांनी वर्गात दोनदा सांगितलं होतं, मला पक्कं माहीत होतं, आणि मीच लिहायला विसरले होते. चूक माझी होती, आणि बोलणी अण्णांनी खाल्ली. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं ज्यांना होतं ते राहिले नव्हते.

त्यानंतर मी तो टॅब कायम सोबत ठेवायला लागले. आधी ठरवलेलं नकाशाचं अ‍ॅप त्यात टाकलं होतं, पण वापर फक्त विमानाच्या सूचनांची पानं वाचण्यापुरता.

मार्चमध्ये माझी एकटीनं लांब जाण्याची फेरी ठरली. कराडहून निघायचं, पेठ नाका, आष्टा, मग कवलापूरची जुनी बंद पडलेली धावपट्टी वरून बघायची आणि वळून परत. कवलापूर आमच्या माधवनगरला लागूनच आहे. फोन नियमाप्रमाणे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. एका मैत्रिणीचा सिमवाला टॅब मागून काचेला चिकटवला होता. अण्णांचा दाराच्या खणात.

सकाळचे दहा वाजले असतील. आष्ट्याच्या अलीकडे खाली नुसता धूर... ऊस तुटल्यावर शेतकरी पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवतात ना, तो. त्यात वरची हवाही धुरकट. नदी दिसेना, रस्ता दिसेना. तेवढ्यात काचेवरचा टॅब उन्हानं तापला आणि बंद झाला. कागदी नकाशा मांडीवर होता, पण नकाशाशी ताडून बघायला खाली काहीतरी दिसायला तर पाहिजे! खरं सांगते, घाबरले. एकटी होते.

वाट चुकल्यावर काय करायचं ते पान वाचायला म्हणून मी अण्णांचा टॅब काढला. पान नव्हतंच उघडलेलं. नकाशा उघडा होता, आणि नकाशावर निळा ठिपका.

मला वाटलं, हॉस्टेलच्या वायफायवर घेतलेली जुनी जागा असेल. पण जागा कराडची नव्हती. आष्टा ओलांडल्यावरची होती, आणि ठिपका सरकत होता. मी डावीकडे थोडं वळवलं, तो वळला. ठिपक्यापुढे साखर कारखान्याची खूण होती. मिनिटभरात धुरातून कारखान्याची चिमणी वर आली, अगदी तिथंच. माझी भीती गेली. कुणीतरी शेजारच्या सीटवर येऊन बसल्यावर जाते तशी. तसंच ठिपका बघत बघत पुढं गेले. रेल्वेचे रूळ दिसले, माधवनगरची छपरं दिसली, आणि पलीकडं कवलापूरची पट्टी.

पट्टीवरून वळसा घेतला, माधवनगरवर आले आणि कराडच्या दिशेनं वळले.

ठिपका वळला नाही.

तो माधवनगरलाच थांबला. मी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. आमची गल्ली... अण्णांचं दुकान. विमान दोन मैल पुढं आलं, चार मैल आलं, ठिपका हलला नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, चला की." इंजिनच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला नाही. मग मी रडतच सगळं सांगितलं. यादीत मीच लिहायला विसरले होते अण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी वाट्टेल ते बोलले. पुढं रूळ धरून भिलवडी, ताकारी करत कराडला कशी उतरले ते माझं मलाच ठाऊक.

सरांना सगळं सांगितलं. ते आधी खवळले. "लय शाणी हायस! फोन नेला असशील खिशात." ड्रॉवर उघडला, फोन तिथंच. मग म्हणाले, "अ‍ॅपमधली नोंद काढ." अ‍ॅप गेलेल्या वाटेची रेघ साठवून ठेवतं. त्या दिवशीची एकच रेघ होती. आष्ट्यापुढं सुरू झालेली, माधवनगरला संपलेली. मधली अकरा मिनिटं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणाला बोलू नकोस," म्हणाले. "चा घे जा."

सांगलीत टॅब घेतला त्याच दुकानात तो खोलून घेतला. जीपीएसचा भाग आत नाहीच, दुकानदारानं शपथेवर सांगितलं. एक मित्र म्हणाला, खालच्या घरांची वायफाय पकडली असतील. पकडली तरी त्यावरून जागा शोधायला इंटरनेट लागतं, ते कुठून आणलं? आणि परत येताना खाली घरं नव्हती का? इथं कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय. त्यानंतर कितीतरी फेऱ्या केल्या. ठिपका परत दिसला नाही.

पंधरा दिवसांनी घरी गेले तेव्हा आईजवळ मन मोकळं केलं. ठिपक्याचं नाही, यादीचं. ती शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "ठाव हुतं की त्यांना."

"काय?"

"त्या रविवारी आले, जेवायला बसले, आन् मोबाईल काढून मला यादी वाचून दावली. म्हणले, बघ, सिमचं लिवायचंच इसरलीय. माझ्यावानीच घाईची हाय. आन् हसाय लागले."

"मग मला तिथंच का नाही बोलले गं?"

"मी बी तेच इचारलं. म्हणले, बरुबरीच्या पोरांम्होरं तिची चूक कशाला काढू? बोलली तर बोलली. बापालाच बोलली न्हवं."

मी उठून मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले.

ठिपका कुठून आला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. सरांकडे नाही, दुकानदाराकडे नाही. कधी मिळेल असं वाटतही नाही. मला रात्रंदिवस छळतं ते वेगळंच. त्या रविवारी तीनच्या एसटीत अण्णा खिडकीजवळ बसले होते. गाडी सुटताना त्यांनी हात बाहेर काढून हलवला आणि ओरडून म्हणाले, "सावकाश उडव गं, बाय." मी रागात होते. मी हात हलवला नाही.