करवंदीच्या जाळीतला बॉल

आज मला माझी गोल्फची बॅग स्वतः उचलावी लागली.

पहाटे सांगलीहून निघालो. पसरणीचा घाट चढलो. सव्वासातची वेळ ठरलेली. आणि मैदानावर बॅग वाहायला एकही कॅडी नाही!

चौदा काठ्यांची बॅग, बावन्न वय, मणक्यात गॅप. माणसानं सहन तरी किती करायचं?

गेटवरच्या शंकरला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, बॅग तुमची तुमीच वडा आज. दस्तगीरमामा गेलं पहाटं. समदी पोरं मयतीला गेल्यात."

आणि मी काय विचारलं असेल?

"मग परत कधी येणार सगळे?"

शंकरनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला पुरून उरेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाबळेश्वरच्या अलीकडच्या पठारावर आमचं नऊ होलचं छोटं मैदान आहे. एका बाजूला सिल्व्हर ओक, दुसऱ्या बाजूला दरी. एप्रिलमध्येही सकाळी स्वेटर लागतो. कुपवाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठवडाभर व्हॉल्व्ह बनवणारा माझ्यासारखा माणूस तिथं पोचला की स्वतःला लॉर्ड समजायला लागतो.

दस्तगीरमामा तिथले सगळ्यात जुने कॅडी. मूळ कोरेगावचे. माझी बॅग त्यांनी अकरा वर्षं वाहिली. काठी कशी धरायची तेही त्यांनीच शिकवलं.

"आवं सायेब, बॉलकडं बघा. दरी कुठं पळून जात न्हाई."

"मामा, जोर कमी पडतोय का?"

"जोर लय हाय. अक्कल जरा मागं ऱ्हातीय."

हे असं तोंडावर बोलणारा माणूस माझ्या पगारी माणसांत एकही नव्हता.

सहा वर्षांपूर्वी क्लबची स्पर्धा होती. फायनलला माझ्यासमोर साताऱ्याचे एक कॉन्ट्रॅक्टर. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. माझ्या शेडमधली निम्मी मशिनं त्यांच्या ऑर्डरवर चालायची.

सातव्या होलला धुकं उतरलं. माझा बॉल उजवीकडे करवंदीच्या जाळीत गेला. मी पुढं, मामा मागं. बॉल दिसला. मुळाशी अडकलेला. मारणं अशक्य.

मी बुटानं ढकलला. हातभर. मऊ गवतावर.

गोल्फला पंच नसतो. आपली चूक आपण सांगायची, आपल्या कार्डावर आपणच लिहायची. सभ्य माणसांचा खेळ म्हणतात तो यासाठी.

तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरसाहेब धुक्यातून बाहेर आले. गवतावरची ओली रेघ त्यांनी बघितली. "बॉल कुणी हलवला?"

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं.

"म्या हलवला सायेब," मामा म्हणाले. "ह्यांना ठावं न्हाई."

मी तोंड मिटलं.

नियमानं कॅडीची चूक म्हणजे खेळाडूचीच चूक. पण कमिटीनं नियमांचं ते पान अलगद उलटलं. मला समज मिळाली, चहा मिळाला, संध्याकाळी कपही मिळाला. मामांची बॅग कायमची काढून घेतली. लबाड कॅडी नको, क्लबची इज्जत जाते.

मी नंतर गाठून विचारलं, "मामा, का बोललात असं?"

"तुमच्या शेडात माणसं किती हायती?"

"बावीस."

"मग झालं तर."

पुढची सहा वर्षं त्यांच्या हातात खुरपं होतं. ते उकिडवे बसून हिरवळीतलं तण काढायचे. मी जवळून गेलो की विचारायचे, "शॉट बरा बसतोय न्हवं?"

मी दरीकडे बघायचो.

दर ईदला मिठाईचा डबा मात्र न चुकता पाठवला. ड्रायव्हरबरोबर.

आज दुपारी कब्रस्तानात गेलो. गोल्फचेच बूट पायात, दुसरे नव्हते. मामांचा थोरला सलीम टॅक्सी चालवतो. जनाज्याच्या नमाजाआधी तो पुढं आला. त्यांच्यात ही रीतच आहे. म्हणाला, "अब्बांकडनं कुणाचं काय देणं ऱ्हायलं आसंल तर मला सांगा. कुणाला दुखावलं आसंल तर माफ करा."

त्या माणसाचं काय देणं राहणार?

उलटं विचारायची रीत नसते. ती असायला हवी होती.

मी सलीमजवळ गेलो. क्लबचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालो, "देणं माझ्याकडं आहे. त्या दिवशी बॉल मी हलवला होता."

सलीमनं डोक्यावरची टोपी सरळ केली.

"ठावं हाय. अब्बांनी हलवला आसता तर कुणाच्या बापाला दिसला नसता."

"ते बोलले होते?"

"कवाच न्हाई. पर तुमी तवा का न्हाई बोलला?"

माझ्याकडे उत्तर होतं. बावीस माणसं, ऑर्डर, बँकेचे हप्ते. सगळं खरं.

"नमाजाला उशीर होतोय," तो म्हणाला. "सरका जरा."

मी सरकलो.

बाहेर सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला. "कशाला उकरून काढलंत? विसरले होते सगळे."

सगळे, म्हणजे ज्यांना खुरपं धरावं लागलं नाही ते सगळे.

कब्रस्तानात पन्नासेक माणसं होती, त्यातल्या दोघांनी ऐकलं. "माझ्या कॅडीनं लबाडी केली" हे मात्र मी शेकडो लोकांना सांगितलंय. जेवणाच्या टेबलांवर, किस्सा म्हणून. त्याच वर्षी इथं, याच वॉलवर, चांगला खुलवून लिहिलाही होता. तुम्ही खूप हसला होतात. मीही प्रत्येकाला अंगठा देत बसलो होतो.

मामा, तुम्हाला श्रद्धांजली वाहायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच घालवला. नुसता निरोप घेतो.

ती जुनी पोस्ट डिलीट करत नाही. आत्ताच तिच्याखाली एक ओळ लिहून आलोय.

"बॉल मी हलवला होता. दस्तगीरमामांनी नाही."