पायडल काढलेली प्रेस

कूलरच्या कारखान्यात पत्र्याचे उरलेले तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते साचतच जातात. बाभुळगावच्या आमच्या शेडमध्ये स्टोअर माझ्याकडे, त्यामुळे हा मालही माझ्याकडेच पडून आहे.

सगळ्याची सुरुवात मॅडमपासून. अंग न मोडता काम कसं करावं, हे कारखान्या-कारखान्यांत सांगायला त्या यवतमाळहून येत. आमचे मालक सुरेशभाऊ फुरंगटले. "आमचे लोक खालीच बसून काम करून राह्यले, काय झालं त्यायले?"

"मग एक कूलर तुम्ही ठोका बसून," मॅडम म्हणाल्या.

भाऊ बसले. थोड्या वेळाने उठायला गेले, तर उठताच येईना. खालूनच ओरडले, "टेबल बनवा रे!"

*

टेबल बनलं, पण भाऊंच्या मापाने. भाऊ ताडमाड, आणि पत्रे जोडायला रिबीट मारणाऱ्या वंदनाताई त्यांच्या खांद्याएवढ्याही नाहीत. एक दिवस त्यांनी हातोडी आपटली. "टेबल तुमच्या मापाचं अन् काम माहं? खांदे कानाले लागून राह्यले, भाऊ."

भाऊंनी कटर उचलला आणि पाय कापले. टेबलाचे.

*

मे महिन्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो. मॅडमच्या सांगण्यावरून भाऊंनी कामगारांसाठी एक कूलर लावला. दुपारी गिऱ्हाईक आलं, त्याला नेमका तोच आवडला आणि भाऊंनी चालू कूलर विकला! ऑटोत चढवायला मात्र कोणी जागचं हलेना.

"काहून उभे राह्यले?" भाऊ कडाडले.

"एवढं वजन उचलाचं नाही, मॅडमनं सांगतलं," वंदनाताई म्हणाल्या.

शेवटी भाऊंनी आणि गिऱ्हाइकानेच तो चढवला.

*

प्रेसचं प्रकरण मात्र हसण्यावारी गेलं नाही. ही पत्रा कापणारी अवजड मशीन सलीमचाचा चालवत, पायाने पायडल दाबून. इतकी वर्षं प्रेसवर काढूनही दहाही बोटं शाबूत आहेत, याचा त्यांना भारी अभिमान. मॅडमनी पायडल काढायला लावलं आणि दोन बटणं बसवली. दोन्ही हात बटणांवर असले, तरच प्रेस खाली येणार. बोटं वाचणार होती, पण काम मंदावलं. ऐन सीझनमध्ये दुकानदारांचे फोनवर फोन. एक दिवस तर भाऊंकडे बघायचीही मला भीती वाटत होती.

"आजच्या आज पायडल परत लावतो," म्हणत ते पायडल हातात घेऊनच प्रेसपाशी आले.

तेवढ्यात आत पत्रा अडकला. तो काढायला चाचांनी हात आत घातला. मागे पत्र्यांची थप्पी धाडकन घसरली. चाचा दचकले आणि त्यांचा पाय जोरात खाली आपटला, पूर्वी पायडल होतं नेमका तिथे.

प्रेस हलली नाही.

"चाचा, हात भाईर काढा," भाऊ कसेबसे म्हणाले.

चाचांनी हात तसाच आत ठेवला.

"काढतो, भाऊ. पहले तुमी ते पायडल खाली ठेवा."