मोरिता-सानला घरी पाठवणारा माणूस

मी देवसुद्धा सणापुरताच मानतो. चाळीत कोणाच्या अंगात आलं की मी दाराला कडी लावून बातम्या बघायचो... तेव्हा मी असं काही लिहितोय याचं नवल आधी माझ्या बायकोलाच वाटेल. पण सगळ्यांनी ज्याचं श्रेय मला दिलं ते माझं नव्हतं — हे एकदा सांगून टाकायचंय.

परळला एका जपानी कंपनीच्या ऑफिसात मी अ‍ॅडमिन सांभाळायचो. बंद गिरणीच्या जागेवरचा टॉवर. त्याच गिरणीत माझे बाबा साच्यावर कापड विणायचे; घरी यायचे ते अंगावर कापूस आणि तंबाखूचा वास घेऊन. ते सांगायचे, पुढच्या पाळीचा माणूस खांद्यावर हात ठेवून ‘जा तू, मी आसंय’ म्हणेपर्यंत साचा सोडायचा नाही.

आमच्या जपानी माणसांना सोडवणारा कोणी नव्हता. आम्ही इथले सहाला निघायचो; ते साहेब उठेपर्यंत बसून राहायचे. सुट्टीच्या दिवशीही यायचे — कार्ड पंच न करता. पंच केलं तर ओव्हरटाइम लागणार, आणि तो मागणं त्यांच्यात कमीपणाचं. मागच्या दाराची चावी मीच द्यायचो. रेकॉर्डला कोणी नाही, मला कटकट नाही.

त्यांच्यातला मोरिता-सान चाळिशीचा. एकदा विचारलं, “बायको ओरडत नाही?”

“ओरडून घ्यायला घरी असावं लागतं, तावडे-सान.”

गणपतीची सुट्टी होती. दुपारी वॉचमन मिश्राचा फोन आला, “तावडे साब, ऊपर कोई है क्या? एसी बंद करूं?”

मोरिता-सानला चावी आदल्या दिवशी मीच दिली होती. तरी पानावरून न उठता म्हणालो, “कोई नहीं. बंद कर.”

थोड्या वेळाने पुन्हा फोन. मोरिता-सान लिफ्टमधून बाहेर आला आणि गेटपाशी कोसळला. हार्ट अटॅक. हॉस्पिटल समोरच, म्हणून वाचला. वर खुर्चीतच बसून राहिला असता तर संपलं होतं, डॉक्टर म्हणाले.

मी धावत गेलो. नर्सने त्याचा काळा कोट माझ्या हातात दिला. “काका, हे ऑफिसात असतात की गादीवाल्याकडे?” कोटाच्या खांद्यावर कापूस चिकटला होता.

शुद्धीवर आल्यावर त्याने साहेबांना सांगितलं, “छातीत दुखत होतं, पण काम टाकून उठवेना. तावडे-सान आले, खांद्यावर हात ठेवून मला उठवलं आणि माझ्या खुर्चीत बसले.”

साहेब माझ्यापुढे कमरेत वाकले. मीही वाकलो... सत्कार झाला, शाल घेतली. मिश्रा एकदाच म्हणाला, “साब, आप ऊपर गए कब?”

मी रिटायर झालो. यंदा मोरिता-सान बायकोसोबत मुंबईला आला आणि मला घेऊन जुनं ऑफिस बघायला निघाला. लिफ्टमध्ये मला राहवलं नाही.

“मी नव्हतो तिथे. घरी मोदक खात होतो. एसीसुद्धा मीच बंद करायला लावला.”

तो हसला. “चावी मागायला मीच आलो होतो ना? आणि तुम्ही नव्हता, हे मला नंतर कळलंच. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, लांबूनच वाकायचात. चेहरा तुमचाच होता, पण त्या माणसाला तंबाखूचा वास येत होता.” मग अर्थ न कळता पाठ केलेले शब्द त्याने म्हणून दाखवले — “जा तू, मी आसंय.”

मी हुबेहूब बाबांच्या तोंडवळ्याचा. मी त्या नोकरीला लागायच्या आधीच बाबा गेले होते.

“आता मी माझ्या माणसांना असाच हात ठेवून वेळेवर घरी पाठवतो,” तो म्हणाला. मग थांबून, “पण तावडे-सान... माझ्या जागी बसलेल्या त्या माणसाला कोणी सोडवलं?”

लंच टाइम होता, हॉल रिकामा. खिडकीजवळच्या त्या खुर्चीच्या पाठीवर मी हात ठेवला. शरम वाटत होती, तरी बोललो, “बाबानू, जावा तुमी. मी आसंय.”

काहीच झालं नाही. फक्त मागच्या लिफ्टने येऊन दारात उभी राहिलेली मोरिता-सानची बायको बाजूला सरकली आणि कमरेत वाकून म्हणाली, “ओत्सुकारेसामा देश्ता.” काम संपवून निघणाऱ्याला ते म्हणतात ते. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही बघतच राहिलो, तर तीच गोंधळली. “कोणीतरी आजोबा बाहेर गेले ना आत्ता?”

परळहून नायगावला मी चालत आलो. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग शाल ज्यांची त्यांना द्या की!” आता ती शाल बाबांच्या फोटोला आहे. हे सगळं कसं घडलं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.