नीता गोळी विसरली नव्हती

"गोळी रोज घ्यायची असते, आठवेल तेव्हा नाही. चाळीत वाढलेल्या मुलींना एवढीही शिस्त नसते का?"

माणिकपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई हे बोलल्या. केबिनचं दार सताड उघडं. बाहेरच्या बायका माना वळवून बघत होत्या. माझी मुलगी नीता खाली मान घालून बसली होती, शेजारी तिची सासू. मी उभा.

नीताला पुन्हा दिवस गेले होते. पहिलं पोर अजून रांगतंय. त्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, म्हणून याच बाईंनी तिला पाळणा लांबवायची गोळी दिली होती.

"मी एकही दिवस चुकवली नाही," नीता म्हणाली.

"मग काय, आभाळातून पडलं?" डॉक्टरीणबाई हसल्या. सासूही हसली.

नीतानं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, ती खरं बोलायची परवानगी मागतेय. तिला लहानपणापासून फिट येतात. औषध रोज चालू आहे. लग्न जमवताना मी ते लपवलं. होळी गावातलं वाडीवालं घर, मुलगा नोकरीला. फिटचं नाव काढलं असतं तर पाहुणे चहा न घेता उठले असते. कुणी विचारलं तर रक्तवाढीची गोळी म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं. आता खरं बोलायचं तर आधी माझं खोटं उघडं पडणार होतं.

मी हात जोडले. "चुकलं तिचं, मॅडम. पोरगी धांदरट आहे."

धांदरट! सासरच्या घरात दोन-दोन गोळ्या, त्यातली एक खोट्या नावाखाली, न चुकता घेणारी पोरगी. तिला मी धांदरट म्हणालो.

जिन्यात सासू म्हणाली, "व्याही, पोरीला खोटं बोलायची सवय आहे तर." तेही मी गिळलं.

मग नीताला तिच्या फिटच्या डॉक्टरांकडे नेलं. पाळणा लांबवायच्या गोळीचं नाव ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या फिटच्या औषधानं त्या गोळीचा असर कमी होतो. शरीर ती लवकर संपवून टाकतं. एकही न चुकवता दिवस जाऊ शकतात. देताना कुणी विचारलं नाही?"

"मीच सांगितलं होतं," नीता म्हणाली. "एकटी गेले होते तेव्हा. फिटची गोळी चालू आहे, चालेल का? मॅडम फोनवर होत्या. चालेल म्हणाल्या."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सासूबाई होत्या. माझं तोंड तुम्हीच शिवलंत ना, बाबा."

मी तडक माणिकपूरला गेलो. नंबर न लावता आत शिरलो.

"तिनं फिटचं औषध सांगितलं होतं. दोन औषधं एकत्र चालतात का, ते बघणं तुमचं काम होतं."

"काका, आवाज खाली. एवढे पेशंट असतात, काय काय लक्षात ठेवायचं आम्ही?"

"आणि विसरली म्हणून शिव्या तिला?"

आवाज खाली केला नाही. बाहेर येऊन बायकांना सांगितलं, फिटचं औषध चालू असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा, मग ही गोळी घ्या.

तिथून होळीला. विहीणबाई ओट्यावरच होत्या. सगळं सांगितलं.

"म्हणजे फसवलंत आम्हाला! आणि वर तोंड करून सांगताय?"

"मी फसवलं. शिव्या मला घाला. तिला खोटारडी म्हणायचं नाही."

"मग ठेवा तुमच्याकडेच!"

"ठेवली."

आता नीता पोराला घेऊन मनवेलपाड्याला आमच्याकडे आहे. जावई फोनवर म्हणतो, आई शांत झाली की बघू. बघ बाबा, सावकाश बघ. मूल ठेवायचं की नाही, ते नीता डॉक्टरांशी बोलून ठरवेल. सासू नाही, नवरा नाही, मी तर नाहीच.

त्या बाईंची तक्रार मी करणार आहे. मोठी माणसं आहेत, काही होणार नाही, असं सगळे सांगतात. न होवो. चौकशीत माझं खोटंही निघेल. कुणी काढायच्या आत मीच सांगेन.