बंद काचेतलं पाणी

भूत, करणी, साक्षात्कार असलं काही मी मानत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. सगळी नोकरी पलटणीत सिग्नलला काढली. काम तारा ओढायचं. मसणवट्याच्या कडेनं वायर अंथरली, कधी कोण आडवं आलं नाही. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण लाइन का बंद पडली हे शोधायला मला शिकलेल्या माणसाची गरज लागली नाही. आपल्या टोकापासून तार हातात धरायची आणि चालत सुटायचं, जिथं तुटली असेल तिथं ती घावतेच. आता सांगतो त्या गोष्टीत तर सगळी तार माझ्याच हातात होती... तरी मला काही घावलं नाही. ज्याला पटणार नाही त्यानं पान उलटावं, मी रागावणार नाही.

साल नव्याण्णव. इस्लामपुरात कारखान्याच्या रस्त्याला आमचं घर. मी आणि आमची मंडळी, मालन. एकुलता एक मुलगा विजय पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. दोन हजार साल लागताना मशिनी तारखा चुकतील म्हणून जगभर दुरुस्ती चालली होती, त्या कामाला कंपनीनं त्याला इंग्लंडला धाडलेलं. जाताना त्यानं मधल्या खोलीत कॉम्प्युटर बसवून दिला आणि मला शिकवलं. बाण कुठं न्यायचा, दोनदा टिचकी कुठं मारायची, मग मोडेम शिट्टी घालतं, किरकिरतं, आणि गप झालं की लाइन लागली. मी रोज सकाळी चष्मा लावून त्याच्यावर पेपर वाचायचो. गल्लीतली माणसं दारातनं बघायची.

त्या मशिनीला कुलूप मीच घालायला लावलं होतं. विजयला म्हटलं, "घरात बायामाणसं हायती. उघडंनागडं काय दिसता कामा न्हाई." आजही मी तेच म्हणेन. त्यानं हसत हसत घातलं. पेपर तेवढा उघडायचा. दुसरीकडं कुठं जाऊ गेलं की मधोमध चौकट यायची, परवानगी नाही म्हणायची आणि पासवर्ड मागायची. पासवर्ड म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पहाऱ्यावर उभं राहून कैक जणांना तो विचारलाय.

त्या पावसाळ्यात मालनची नजर गेली... म्हणजे डावा डोळा पूर्ण गेला आणि उजव्यातनं तिला चाळणीतनं बघितल्यासारखं दिसायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजव्याचं ऑपरेशन धरलं. म्हणाला, करू, पण नजर राहीलच असं सांगत नाही. विजयला नवीन साल लागल्याशिवाय सुट्टी नव्हती. मालन एकच म्हणायची, "जाऊ दे डोळा. जायच्या आदी पोराचं तोंड तेवढं बघू दे."

विजयनं फोनवर तोड काढली. त्याच्या गावात नदीवर एक दगडी पूल होता आणि पुलावर कॅमेरा. त्याचं चित्र इंटरनेटवर कुणालाही दिसायचं. "आबा, माझ्या जेवायच्या सुट्टीत मी रोज पुलावर उभा ऱ्हातो. तुमच्याकडं तवा संध्याकाळचे पाच झालेले असत्यात. आईला बसवा म्होरं."

बसवलं. पत्ता एकेक अक्षर बघून टाकला. आली चौकट. परवानगी नाही.

परत फोन. विजय म्हणाला, पासवर्ड काय ठेवला तेच आठवेना. "तुमच्या पलटणीचं नाव टाकून बघा." टाकलं. न्हाई. "आईचं टाका." टाकलं. न्हाई.

मालन म्हणाली, "बापानं कुलूप घालाय लावलं, पोरानं किल्ली हरवली. आता दोगं मिळून मला दार दावा."

मग सांगलीहून इलाहीला बोलावलं, त्यानंच ती मशीन जोडून दिली होती. पूर्वीचा रेडिओवाला, माझ्यासारखाच तारांतला माणूस. आख्खी दुपार मशिनीच्या पोटात शिरून बसला. दोनदा चहा झाला. शेवटी मान हलवून म्हणाला, "काका, न्हाई निघत. सगळं पुसून नव्यानं भराय लागंल, आणि सीडी दुकानात हाय. उद्या मशीन घ्या आणि या सांगलीला. परवा मी वडूजला पावण्यांत चाललोय, मग न्हाई जमणार."

उद्या म्हणजे खंडेनवमी.

मी जीप सांगून ठेवली. रात्री जेवताना मालनला सांगितलं तर तिनं हातातला घास खाली ठेवला.

"खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतंय, हलवायचं नसतंय."

"अगं, ते काय कोयता हाय का खुरपं?"

"तुमची पक्कड पुजता, माझी शिवणाची मशीन पुजता. पोरगं ज्याच्यावर पोट भरतंय ते हत्यार न्हवं?"

"मालन, उद्या न्हाई बघितलंस तर परत..."

"तर न्हाई दिसणार. तिकडं परमुलखात एकटं हाय ते. त्याच्या हत्याराचा मान मी मोडणार न्हाई."

मी हट्टी आहे हे गावाला माहीत आहे. ती माझ्याहून आहे हे मला एकट्यालाच. मी जीपवाल्याला नको म्हणून सांगून आलो आणि तिच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी मशिनीच्या सगळ्या तारा काढल्या. लाइटची काढली, फोनची काढून परत फोनला लावली. मशीन पुसली. मालननं हातानं चाचपत हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेजारचा बापू दारातनं म्हणाला, "हवालदार, ह्याला नारळ का बोकड?" मी म्हटलं, "तू हाईस की." हसत गेला.

संध्याकाळ व्हायला आली. ऊन तिरपं होऊन मधल्या खोलीत जमिनीवर पिवळं पसरलं होतं. झेंडूचा उग्र वास. ताप उतरल्यावर घर जसं गप पडतं तसं गप होतं सगळं. मालनच्या पायात यायला नको म्हणून मी त्या काढलेल्या तारांचं कोपरावर वेटोळं केलं होतं आणि खुंटीला अडकवायला उठलो होतो. मालन सवयीनं मशिनीसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली.

"पाच वाजलं का ओ?"

"वाजलं असतील."

मग एसटी आल्यावर सांगावं तसं सावकाश म्हणाली, "आला बघा."

"कोण?"

"इजू. वाळलाय. अंगात निळं जर्किन हाय, दुसऱ्या कुणाचं तरी. ढगळ हुतंय त्याला. आणि अंगठ्याला चिंधी बांधलीया, उजव्या." मग हसली. "हात कराय लागलाय." आणि तिनं स्वतःचा हात वर केला.

मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. तारांचं वेटोळं माझ्या कोपरावर होतं. दुसऱ्या हातानं मशिनीची पाठ चाचपली, गार होती. मग काचेत बघितलं.

मला पोरगा दिसला असं मी म्हणणार नाही. मला पाणी दिसलं. राखेच्या रंगाचं, रुंद पाणी, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सावकाश चाललेलं, आणि वर दगडी कमानीचा काठ. आमच्या मागं नुसती चुन्याची भिंत होती, तिचं प्रतिबिंब काचेत पाण्यासारखं कसं दिसणार... भीती वाटली नाही. दुपारी डुलकी लागावी, लांब रानातनं कुणीतरी आपल्याला हाक मारावी आणि आपण ओ द्यायच्या आधी ती हाक विरून जावी, तसं काहीतरी. किती वेळ गेला ते आजही सांगता येणार नाही. माळेतलं एक फूल गळून खाली पडलं. परत बघितलं तर काळी काच, आणि काचेत चष्मा लावलेला मी.

"गेला," मालन म्हणाली. "जेवायची सुट्टी संपली असंल."

मी तारांचं वेटोळं खुंटीला अडकवलं. दिवेलागणीनंतर विजयचा फोन आला.

"आबा, चित्राचं सोडून द्या. इथला कॅमेराच काढून न्हेलाय दुरुस्तीला. चार दिस झालं, खांबावर नुसता लोखंडी पत्रा हाय."

"मग तू आज पुलावर गेला न्हाईस?"

"गेलतो की."

"कशाला?"

तो म्हणाला, "आई बसली असंल म्हणून."

मालननं माझ्या हातातनं फोन घेतला. "अंगठ्याला काय लागलं रं?"

तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"आणि जर्किन कुणाचं घालून हिंडतोस?"

त्यानं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मालन म्हणाली, "मला कोण सांगतंय. हात केलास ते बेस केलंस. आता येळंवर जेवत जा."

मिरजेला ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर डॉक्टरनं बोटं धरून किती आहेत विचारलं. मालन म्हणाली, "आवाज आला तुमचा. बोटं काय दिसत न्हाईत." येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली.

दिवाळीच्या आधी इलाही येऊन मशिनीतलं सगळं पुसून नव्यानं भरून गेला. आता सगळीकडं जाता यायला लागलं. तोवर तिकडचा कॅमेराही परत बसला होता. मी पूल उघडला. कमान तीच, दगड तेच. पण चित्र जागच्या जागी थांबलेलं. काही मिनिटांनी एकदम बदलायचं आणि परत तसंच थांबायचं.

मी इलाहीला विचारलं, "ह्यातलं पाणी हालत का न्हाई?"

"काका, हा फोटू असतोय. एक काढला, मग दुसरा काढला. ह्यात पाणी हालंल कसं?"

मी बघितलेलं पाणी वाहत होतं. कॅमेरा जागेवर नव्हता, मशिनीला लाइट नव्हती, लाइन नव्हती आणि वर कुलूप होतं. मी फार विचार केलाय. कशानं काय झालं ते मला आजतागायत समजलेलं नाही, आणि कुणी समजावून सांगायला आलं की मला त्याचाच राग येतो.

नवीन साल लागल्यावर विजय आला. दारातनं आत आला तो आईच्या पायाशी बसला आणि रडायलाच लागला. तुझी नजर होती तवर मला यायला पायजे होतं, एवढंच म्हणत राहिला.

मालननं त्याच्या खांद्यावरनं, दंडावरनं हात फिरवला. म्हणाली, "रडाय काय झालं? बघितलाय मी तुला. तवाच्यापेक्षा अंगानं भरलायस."

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. "आबा, हे खरंय का ओ?"

"मला काय बी कळलेलं न्हाई," मी म्हटलं. "पर तिनं बघितलाय तुला."