भिंगरी आत्या आणि केळीचं सोपट

आमच्या आत्याने एका जागी बसून कॉफी संपवल्याचं मला आठवत नाही. पहिला घोट ओसरीवर, दुसरा जिन्यात, आणि उरलेला पेला परसातल्या धुण्याच्या दगडावर निवत पडलेला. कुंभकोणमच्या कॉफीचा हा अपमान माझ्या वडिलांना सोसत नसे. "हिच्या पायांत भिंगरी अहे," ते म्हणायचे, आणि घरात तिचं नाव भिंगरी आत्या पडलं. घरात आमची जुन्या वळणाची तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आत्या दोन्ही भाषा सारख्याच घाईने बोलायची.

शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी टेकेल. कसलं काय! सुंदरपेरुमाळ कोयिल गावाजवळच्या एका वस्तीतल्या बायकांचं भातलावणीचं काम यंत्र आल्यावर गेलं होतं. त्यांच्यातली सेल्वी आमच्याकडे घरकाम मागायला आली. आत्याने तिला काम दिलं नाही, तिच्याबरोबर वस्तीवर गेली. संध्याकाळी परतल्यावर मला म्हणाली, "सगळ्या वस्तीला एका घरचीं भांडीं पुरतील काय रे?" त्या दिवसापासून माझी स्कूटर माझी राहिली नाही.

त्या भागात केळी उदंड. घड उतरवला की झाड तोडून बांधावर टाकतात, तिथेच ते कुजतं. आत्याने बायकांना त्याच्या सोपटाच्या, म्हणजे बुंध्यावरच्या थरथरांच्या सालीच्या, टोपल्या विणायला शिकवलं. टोपल्या देखण्या होत्या. चेन्नईच्या प्रदर्शनात आत्या उभी राहिली की खपायच्या, नाही तर नाही. लोक बायकांची कहाणी ऐकून हळहळत आणि एक टोपली उचलत. मला यात वावगं काही दिसत नव्हतं. आत्या मात्र परतीच्या गाडीत धुसफुसत होती. "दया करून घेटलेलं टोपलं दुसऱ्यांदा कोणि घेत नाहीं. ह्यांना रोजचं गिऱ्हाईक पाहिजे."

रोजचं गिऱ्हाईक तिला आमच्याच गल्लीच्या टोकाच्या फूलवाल्याकडे सापडलं. आमच्याकडे देवाचे हार पूर्वी केळीच्या सोपटाच्या धाग्याने, म्हणजे नारीने बांधत. नार भिजवली की मऊ होते आणि फुलं ताजी राहतात. पण चांगली नार रोज मिळेना, म्हणून फूलवाले सुती दोऱ्याकडे वळले होते. आत्याने बायकांना टोपल्या विणणं सोडायला लावलं. सोपट सावलीत वाळवायचं, बारीक चिरायचं, जुड्या बांधायच्या आणि पहाटे बाजारात पोचवायच्या. वर्षभरात वस्तीतल्या चुली या नारीवर पेटू लागल्या. वस्तीवर गेली की आत्याचं एकच पालुपद असायचं, काही टाकायचं नाही. चिरताना उरलेल्या तुकड्यांचीसुद्धा ती दोरी वळून घ्यायची.

हेच अंगाशी आलं. आडी या सणावारांच्या तमिळ महिन्यात हारांची मागणी वाढली आणि नार कमी पडू लागली. देवळामागे निर्माल्याचे ढीग पडलेले. बायकांनी त्यातल्या हारांची नार सोडवली, स्वच्छ धुतली, वाळवली आणि पुन्हा विकली. फूलबाजारातल्या मंगळम नावाच्या फूलवालीला एका जुडीत सुकलेलं तुळशीचं पान सापडलं. देवाच्या अंगावरून उतरलेलं पुन्हा देवाच्या गळ्यात! दुपारपर्यंत साऱ्या फूलवाल्यांनी दोऱ्याची रिळं बाहेर काढली.

सेल्वी धावत आमच्याकडे आली. "अक्का, काही टाकायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत. आता तुम्हीच चला, तुमचं ते ऐकतील." आत्याचा चेहरा उतरला. तिने पायांत चपला सरकवल्या, काढल्या, पुन्हा सरकवल्या. मग म्हणाली, "मी येणार नाही. तुम्ही जा, चुकलं म्हणा, पुढचं तुम्हीच बघा." सेल्वी गेल्यावर मी आत्याला चांगलाच बोललो. ती परसात येरझाऱ्या घालत म्हणाली, "मी सांगट्लें तर तो माझा धंदा झाला, त्यांचा नव्हे. उगीं बैस." आणि लगेच, "स्कूटर काढ."

आम्ही मंगळमच्या दुकानासमोरच्या कॉफीच्या टपरीआड उभे राहिलो. सेल्वी आणि आणखी दोघी केळीचा अख्खा बुंधा डोक्यावरून घेऊन आल्या. त्यांनी मंगळमची माफी मागितली, बुंधा तिच्या दारात ठेवला आणि तिथेच सोपटं सोलायला बसल्या. मंगळम म्हणाली, "हे वाळणार कधी, मी हार बांधणार कधी?"

"वाळेपर्यंत इथेच बसते," सेल्वी म्हणाली. "यापुढे सगळा माल तुमच्या डोळ्यांदेखत सोलू."

आत्या दोनदा पुढे निघाली आणि दोन्ही वेळा मी तिचा पदर धरला. शेवटी मंगळमने आपल्या फुलांच्या पाट्या सरकवून छपराखाली सोपटांना जागा करून दिली.

त्यानंतर बायका बाजारात बसूनच नार काढू लागल्या. शेजारच्या पापनाशम गावचे फूलवालेही त्यांनी परस्पर जोडले. आत्याने बाहेर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं आणि घरी येऊन दोन दिवस फुगून बसली. "मला एक शब्द विचारलं नाहीं," म्हणायची. मग इतरांच्या घरांत काय बिनसलंय ते शोधत पुन्हा गावभर हिंडू लागली.

गेल्या वर्षी आत्या गेली. शुक्रवार होता, हारांच्या सर्वांत जास्त मागणीचा दिवस. मी सकाळीच सेल्वीला फोन केला. वाटलं, सगळी वस्ती लोटेल. आली ती एकटी सेल्वी. आत्याच्या पायांशी बसून पोटभर रडली आणि उठली. "पापनाशमचा माल पोचवायचाय. बाकीच्या बाजारात आहेत."

"आजही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"शुक्रवारचा माल चुकला तर ते दोऱ्यावर जातील," ती डोळे पुसत म्हणाली आणि गेली.

नातेवाईक कुजबुजू लागले. हिने त्या बायकांसाठी जिवाचं रान केलं, आणि त्यांना एक दिवस काढवला नाही. मी त्यांना गप्प केलं. त्या दिवशी बाजारातली ती जागा रिकामी राहिली असती तर आत्याची सारी वणवण फुकट गेली असती, हे मला कळत होतं. तरीही त्या सगळ्या यायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.